डोक्याला मार लागल्यानंतर मुलाचं वागणं बदललंय, घरी नेमकं काय करायचं?

पळसफूल (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायची वेळ आली.

मुलगा साडेपाच वर्षांचा. संक्रांतीला कटलेल्या पतंगामागे धावताना गच्चीवरून खाली पडला. बेशुद्ध, मग आयसीयू. कपाळामागे मेंदूला मार होता, पण ऑपरेशन लागलं नाही. आता धावतो, जेवतो, बोलतो, कविता म्हणतो. बघणाऱ्याला काही झालं होतं असं वाटतच नाही, आणि आमची अडचण तिथूनच सुरू होते.

वागणं पार बदललंय. धाकटीला ढकलतो, चावतो. ठरलेलं काही बदललं की किंचाळतो, हाताला येईल ते फेकतो. बाजूच्या काकूंना तोंडावर 'जाडी' म्हणाला. भाजीवाल्याच्या गळ्यात पडतो, ओळख ना पाळख. नंतर विचारलं 'का केलंस', तर माझ्याकडे बघत राहतो. शाळेतून तक्रारी येतात. सासूबाई म्हणतात, 'आजारपणात लाडावलं पोट्टं.' नवरा आधी समजावतो, मग ओरडतो, मग गच्चीत जाऊन बसतो. डॉक्टर म्हणतात वेळ द्या. वेळ देऊच हो, पण रोज सकाळी सहा ते रात्री दहा काय करायचं ते कोणी सांगेल का?

आम्ही मानेवाड्याला राहतो. नागपुरात कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

बर्डीकर

वाचून वाईट वाटलं. पोरगं वाचलं हे मोठं झालं बघा. लहान आहे, विसरेल सगळं. आमच्याकडे दृष्ट काढतात, तीही काढून घ्या, नुकसान काही नाही.

माजी_मास्तर

रागावू नका, पण तीस वर्षं वर्गात काढली आहेत म्हणून सांगतो. मूल आजारातून उठलं की घरचे त्याचं सगळं ऐकतात आणि त्याला ते कळतं. धाक हवा. मारा असं म्हणत नाही, पण एखादा धपाटा बसला तर मेंदूला काही होत नाही.

ओटी_धंतोली

मास्तर, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून या मुलाच्या बाबतीत स्पष्ट 'नाही' म्हणते.

मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं आणि वागणं पुन्हा जमायला मदत करणारी. मूल न बघता निदान करणार नाही, पण पळसफूल, तुम्ही लिहिलेलं प्रत्येक वाक्य माझ्या ओळखीचं आहे. कवटी आतून कपाळामागे आणि कानशिलांपाशी खडबडीत असते. मार कुठेही बसला तरी मेंदू हलतो आणि बहुतेक याच जागी घासला जातो. कपाळामागच्या भागाचं काम काय, तर थांबणं, वाट बघणं, राग आवरणं, एक सोडून दुसऱ्याकडे वळणं, कुणाला काय बोलावं हे कळणं. गाडी सुरू आहे, ब्रेक ढिले झालेत. पाय चालतात, तोंड चालतं, म्हणून लोकांना पोरगं ठणठणीत दिसतं.

आता धाकाबद्दल. शिक्षेचा उपयोग व्हायला मुलाला चार गोष्टी जमाव्या लागतात. मागच्या वेळचं आठवणं, आत्ताच्या प्रसंगाशी ते जोडणं, हात उगारण्याआधी थांबणं, आणि दुसरं काहीतरी सुचणं. नेमक्या याच गोष्टी दुखावल्या आहेत. त्याला ओरडलात तर भीती लक्षात राहील, कारण राहणार नाही. म्हणून 'का केलंस' विचारणं आजपासून बंद. त्याचं त्यालाच माहीत नाही.

सगळा जोर घटनेच्या आधी लावायचा. एक वही करा, चार रकाने आखा. किती वाजता, आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, मग घरच्यांनी काय केलं. 'आधी'च्या रकान्यात झोप, भूक, आवाज, घरात माणसं किती, त्याला कोण काय म्हणालं, सगळं येऊ द्या. आठवडाभर नुसतं लिहा, सुधारायला जाऊ नका. मग इथे टाका, आपण मिळून बघू.

तोपर्यंत हे सुरू करा. सूचना एका वेळी एकच, तीही जवळ जाऊन, त्याच्या उंचीला बसून. 'चप्पल घाल' म्हटलं की मनात दहापर्यंत मोजा, लगेच दुसऱ्यांदा म्हणू नका. त्याला ऐकून उमगायलाच वेळ लागतो, आणि आपण तोवर तीनदा म्हणून झालेलं असतं. 'काय खाशील' असं मोकळं विचारू नका, 'पोहे की पोळी' विचारा. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावा. आणि चांगलं वागला की त्याच क्षणी, नेमकं काय चांगलं ते सांगा. 'शहाणा माझा' यातून त्याला काही कळत नाही. 'ताईने बॉल घेतला तरी तू थांबलास' हे कळतं.

एक महत्त्वाचं. डोकेदुखी वाढत चालली, पुन्हापुन्हा उलट्या झाल्या, झोपेतून जागं करणं अवघड गेलं, फिट आली, एखादा हात-पाय कमजोर वाटला, किंवा वागणं एकाएकी फारच बिघडलं, तर वही-बिही बाजूला ठेवून थेट इमर्जन्सीत न्या.

पळसफूल

ताई, धाकटी आहे ती, ताई नाही, पण कळलं. :) वही आजच आणते.

सावजी_रस्सा

वडिलांच्या बाजूने लिहितो, इथे आयाच जास्त दिसून राहिल्या. माझ्या पोराला बाइकच्या अपघातात लागलं होतं. फिट आली म्हणून लेव्हेटिरासिटाम सुरू केलं. त्यानंतर पोरगं जे चिडकं झालं, बाप्पा! आम्ही समजत होतो की डोक्याच्या माराने झालं. न्यूरोवाल्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, या गोळीने काही मुलं चिडचिडी, आक्रमक होतात, माहितीतली गोष्ट आहे. त्यांनी हळूहळू दुसऱ्या औषधावर नेलं, निम्मा त्रास उतरला. तुमच्याकडे फिटचं औषध सुरू असेल तर वागणं बदललं ती तारीख आणि औषध सुरू झालं ती तारीख शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवा. पण मनानं गोळी बंद करू नका. एकदम थांबवली तर फिट येऊ शकते.

आणि तुमचे मिस्टर गच्चीत जाऊन बसतात म्हणालात, त्याच गच्चीत का? असतील तर त्यांच्याशी कुणी बोलायला पाहिजे. माझ्या हातातून गाडी घसरली होती, म्हणून विचारलं.

पळसफूल

हो, त्याच गच्चीत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. औषध तेच सुरू आहे, पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करते.

वैनगंगा_काठी

आमची केस माराची नाही, तापाची. लेकीला तिसऱ्या वर्षी मेंदूज्वर झाला, भंडाऱ्याहून नागपूरला आणलं. (अवांतर: आपल्या भागाला हे नवीन नाही. मेंदूज्वर करणाऱ्या चांदीपुरा विषाणूचं नाव नागपूर जिल्ह्यातल्याच गावावरून पडलं. १९६५ साली तो इथल्या रुग्णांच्या रक्तात पहिल्यांदा सापडला, आणि २००३ साली आंध्र आणि महाराष्ट्रात त्याने बरीच मुलं नेली.) डोक्याला मार असो की मेंदूला सूज, नंतरचं वागणं पुष्कळ सारखं असतं, म्हणून लिहिते.

मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं ते असं, की पुढेही अडचणी येतात, नव्या. केजी, पहिली, दुसरी छान गेली. आम्ही पेढे वाटायच्या बेतात. तिसरीत धडे मोठे झाले, स्वतःचं दप्तर स्वतः भरायचं, फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, मैत्रिणींच्या टोळ्या झाल्या, आणि सगळं एकदम कोसळलं. आम्हाला वाटलं पुन्हा काही झालं. एमआरआय जसा होता तसाच. डॉक्टरांनी समजावलं की मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. लहानपणी इजा झाली की जे कौशल्य त्या वयात लागतच नाही ते गेलेलं दिसत नाही, मागणी आल्यावर दिसतं. तेव्हा फाइल जपून ठेवा. डिस्चार्ज कार्ड, सीटी, सगळं. शाळा बदलली, इयत्ता बदलली की नव्या बाईंना पहिल्या आठवड्यात सांगा. चौथीतल्या बाईंना केजीतला अपघात कोण सांगणार?

निशिगंध

+१. आणि 'हुशार आहे पण आळशी' हा शेरा तेव्हाच येतो.

माजी_मास्तर

वैनगंगाताईंचं वाचून दोन-तीन मुलं डोळ्यांसमोर आली. त्यांना कधी काय लागलं होतं ते आम्ही विचारलंही नव्हतं. धपाट्याचं वाक्य मागे घेतो. मात्र एक शंका. सगळं 'मेंदूमुळे' म्हटलं तर मुलाला हद्दच नको का? चावलं तरी चालेल?

ओटी_धंतोली

मास्तर, हा प्रश्न फार कामाचा. नियम राहतो. 'चावायचं नाही' हे रोज, तेच शब्द, घरातल्या सगळ्यांच्या तोंडून. आईने हो, बाबांनी नाही, आजीने 'असू दे' असं झालं की या मुलांची फार ओढाताण होते, इतरांपेक्षा जास्त. फक्त नियम शिकवायची वेळ वेगळी. भडका उडालेला असताना काही शिकवता येत नाही. तेव्हा शब्द कमी, माणसं कमी, आवाज कमी. धाकटीला उचलून दुसऱ्या खोलीत न्या, त्याच्याभोवती लागेल असं काही ठेवू नका, जवळपास बसा, बोलू नका. निवल्यावर पाणी द्या. मग पाच-दहा मिनिटांनी एकच वाक्य: 'राग आला की उशी दाब.' आणि ते हसतखेळत, शांत असताना, रोज घोकून घ्या. नाटक करायचं: मी ताई, म्हणजे धाकटी (!), मी तुझी गाडी घेतली, तू काय करशील?

'जाडी' प्रकरण. घरात कुणी हसतं का? भावंडं, काका? हसलं की ते पुन्हा येणार. हसू नका, व्याख्यान देऊ नका. काकू दिसल्या की म्हणायचं वाक्य आधी देऊन ठेवा, 'काकू, कशा आहात?' गळ्यात पडण्याचं हे तर मनावर घ्या, कारण पुढे ते धोक्याचं होतं. घरातली माणसं ठरवा, त्यांनाच मिठी. बाकी सगळ्यांना नमस्कार. दाराबाहेर पडताना दर वेळी आठवण द्या.

शिवाय कान आणि डोळे तपासून घेतले का? कानामागच्या हाडाला इजा झाली असेल तर ऐकू कमी येतं, आणि आपण म्हणतो 'ऐकतच नाही'.

केजी_वाली_मिस

शाळेच्या बाजूने. आमच्याकडे बत्तीस मुलं आणि एक ताई असते, हे आधी लक्षात घ्या. पालक फाइल घेऊन येतात, जाडजूड, आम्हाला त्यातलं इंग्रजी कळत नाही आणि वाचायला वेळही नसतो. एक पान द्या, मराठीत. त्यात हवं ते एवढंच: काय झालं होतं, तो कशाने भडकतो, भडकण्याआधी कसा दिसतो (कान लाल होतात, हात चोळतो, जे असेल ते), तेव्हा आम्ही काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही. खाली फोन नंबर.

वर्गात काय होऊ शकतं? बाईंजवळची जागा, दाराशी किंवा खिडकीशी नाही. अर्धं पान लिहिणं. घंटेच्या आधी त्याला सांगणं की आता घंटा होणार. डबा खाल्ल्यावर पाच मिनिटं शांत बसायला कोपरा. सुरुवातीला निम्मा वेळ शाळा, मग वाढवत नेणं. मुख्याध्यापक यातलं बहुतेक मान्य करतात, पण 'आमच्या मुलाला समजून घ्या' एवढंच म्हटलं तर काय करायचं ते आम्हालाही कळत नाही.

खासगी असो की सरकारी, मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे बंद आहे. भांडायला सांगत नाही, माहिती असावी. सरकारी शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं, त्यांना मुद्दाम दाखवा. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासून उपचार करतात ते) तिथूनच चिठ्ठी मिळते.

पळसफूल

वही भरली. जशीच्या तशी टाकत नाही, बरीच खासगी आहे, पण काय दिसलं ते सांगते.

सकाळी जवळपास काहीच नाही. शाळेच्या दिवशी व्हॅनमधून उतरतो तो ठीक असतो. चारनंतर चढायला लागतं आणि साडेसहा ते साडेआठ कहर. एक नोंद देते:

'संध्या. ६.५०. ट्युशनहून आला. झोप नाही दुपारची. टीव्हीवर बातम्या, कुकर लावलेला, बाबा आले, फवारणीची गाडी गल्लीतून गेली. आजी म्हणाल्या, ते ठेव अन् हातपाय धू अन् देवाजवळ बस. धाकटीने त्याची पतंगाची चक्री उचलली. चावला. बाबा ओरडले. रडून झोपला, जेवण नाही.'

लिहिताना नुसती यादी वाटली. नवऱ्याने वाचली आणि म्हणाला, 'एवढ्यात मीसुद्धा चावलो असतो.'

तर ट्युशन बंद (केजीच्या पोराला ट्युशन, हो, सगळी गल्ली लावते). दुपारी पडदे ओढून तासभर आडवं व्हायचं, झोप नाही आली तरी चालेल. बाबा आल्यावर आधी त्याला घेऊन अर्धा तास खाली सायकल. बातम्या नऊनंतर. चक्री माळ्यावर गेली. चावणं थांबलेलं नाही, पण संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र जेवायला बसतो आहोत, हे बऱ्याच महिन्यांनी.

आणि सासूबाई. तीन कामं एका दमात सांगायची सवय त्यांची. वही मी त्यांनाही वाचून दाखवली, नाव न घेता. आता शेजारणीला सांगतात, 'पोट्ट्याले एका वेळी एकच सांगावं लागते. मले तं आधीपासूनच माहीत होतं.'

डॉक्टरांशी बोलले. औषधाबद्दल ते म्हणाले शक्यता आहे, येऊन भेटा, बदलायचं का ते बघू.

ओटी_धंतोली

ही नोंद मी विद्यार्थ्यांना दाखवू का? नाव-गाव काढून. इतकं स्वच्छ लिहिलेलं क्वचित येतं.

तुमच्या वहीतून मला मुख्य दिसतो तो थकवा. इजा झालेल्या मेंदूला साध्या गोष्टींना जास्त खर्च येतो. शाळेत पाच तास कसंबसं सांभाळलं याचाच अर्थ घरी येईपर्यंत काही उरलेलं नाही. आया म्हणतात, 'शाळेत चांगला, घरीच त्रास देतो, म्हणजे मुद्दाम करतो.' उलट आहे. आणि थकलेलं लहान मूल मोठ्यांसारखं मलूल होत नाही, ते उधळतं.

सावजी_रस्सा

नवऱ्याला माझ्याकडून तर्री पोहे. 'मीसुद्धा चावलो असतो' एक नंबर.

चक्रधर

जाहिरात नाही, फक्त विचारतो. ओळखीत एकांनी मुलाला स्टेम सेल थेरपी दिली, बराच खर्च केला. या केसमध्ये चालेल का? आणि ब्राह्मी वगैरे टॉनिक?

ओटी_धंतोली

स्टेम सेलबाबत: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं प्रयोगाच्या पातळीवर आहे. प्रयोग म्हणजे मंजूर चाचणी, आणि त्यात पेशंटकडून पैसे घेत नाहीत. कोणी पॅकेज सांगत असेल तर तिथून निघा. टॉनिकचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, फिटच्या औषधासोबत तर नाहीच. तेच पैसे थेरपीला आणि घरी मदतीला बाई ठेवायला वापरा, जास्त गुण येईल. मी गंमत करत नाहीये, आईची झोप हा उपचाराचा भाग आहे.

नंदनवन_४४०

सरकारी बाजूचं थोडं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात डोक्याची इजा असा वेगळा प्रकार नाही. त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्राच्या खिडकीवर 'हे बसत नाही' म्हणून परत पाठवतात. बसतं. इजेमुळे जे राहिलं त्यावर मोजतात, म्हणजे चालण्याचं, बोलण्याचं, बौद्धिक, शिकण्यातलं, जे असेल ते. सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, आणि तेवढं भरलं तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जी पालक निवडतील ती. लहान मुलांत सुधारणा होत असते म्हणून तात्पुरतं प्रमाणपत्रही देतात. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर, तपासणी सरकारी दवाखान्यात.

तुमच्या मुलाला याची गरज पडेलच असं नाही, आणि घाईही करू नका. पण मानसशास्त्रीय चाचणी पहिलीत घालण्याआधी करून घ्या, आणि काही वर्षांनी पुन्हा. मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) ऑक्युपेशनल थेरपीचा स्वतंत्र विभाग आहे, मिहानच्या एम्समध्ये बालरोग आणि मानसोपचार दोन्ही आहेत, आणि दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं क्षेत्रीय केंद्र, सीआरसी, नागपुरातच आहे. रांग सगळीकडे आहे. सकाळी लवकर जा आणि मुलाला रांगेत उभं करू नका. एकाने रांग धरायची, दुसऱ्याने त्याला बाहेर झाडाखाली ठेवायचं. फोन आला की आत.

निशिगंध

धाकटीचं कोणी बोललं नाही म्हणून. किती वर्षांची आहे? माझा भाऊ लहानपणी असा होता आणि मी ती धाकटी. मला कोणी मारलं याहून 'तू समजून घे, तो आजारी आहे' हे जास्त लागायचं. दोघांना एकटं सोडू नका, तिचं खेळणं तिचंच ठेवा, तिला दिवसातून थोडा वेळ तो नसताना तुमचा असू द्या. चावलं की आधी तिच्याकडे जा, मग त्याच्याकडे.

आणि तुम्ही स्वतः? टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, मोफत, मराठीत बोलतात. रात्री दोन वाजताही लागतो. घरच्यांना सांगायची गरज नाही.

पळसफूल

अडीच वर्षांची. हे वाचून उठून तिला घेऊन आले जवळ. नंबर सेव्ह केला.

एक विचारायचं राहिलं. पोळा आलाय. मागच्या तान्ह्या पोळ्याला तो शेतकरी झाला होता, लाकडी बैल, फेटा, सगळं. यंदा विचारून राहिलाय रोज. नवरा म्हणतो, नको, गर्दी, डीजे, मुलं धक्काबुक्की करतात. मला वाटतं घरात कोंडून तरी किती दिवस ठेवायचं?

ओटी_धंतोली

न्या. पण तुमच्या अटींवर. आपल्या गल्लीतला किंवा सोसायटीतला छोटा, मोठ्या मैदानावरचा नको. मारबतीच्या मिरवणुकीला तर नाहीच, तिथला आवाज मोठ्यांना सोसत नाही. दुपारी झोप झालेली, पोट भरलेलं. सुरू व्हायच्या आधी पोचा, म्हणजे रिकामी जागा बघून होते आणि गर्दी एकदम अंगावर येत नाही. आदल्या दिवशी चित्रं काढून क्रम सांगा: फेटा, बैल, रांग, खाऊ, घर. आणि 'घर' कधी ते त्याच्या हातात द्या. एक खूण ठरवा, तुमचा पदर ओढला की निघायचं, प्रश्न न विचारता. खूण केली आणि तुम्ही 'थांब ना, बक्षीस व्हायचंय' म्हणालात तर ती खूण पुन्हा कधी वापरणार नाही. कानाला लावायचे आवाज कमी करणारे मफ मिळतात, फेट्याखाली दिसतही नाहीत.

केजी_वाली_मिस

आयोजकांना आधी सांगा की याचा नंबर सुरुवातीला घ्या. शेवटी घेतला तर तासभर ताटकळतो. आमच्या शाळेत करतो आम्ही, कोणी नाही म्हणत नाही.

सावजी_रस्सा

आणि बाइकवर टाकीवर बसवून नेऊ नका. ४ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट आणि पट्टा, वेग ४० च्या आत, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. तुमचा मोठा आहे, पण ज्याच्या डोक्याला एकदा लागलं त्याला दुसऱ्यांदा लागणं फार महाग पडतं. त्याच्या मापाचं हेल्मेट घ्या, मोठ्यांचं नाही, ते वळतं डोक्यावर. सायकललाही तेच. गच्चीचा कठडा वाढवला का?

पळसफूल

जाळी लावली, दाराला कुलूप. नवऱ्यानेच उभं राहून लावून घेतली.

गल्लीतल्या मंडळाला आत्ताच फोन केला, पहिला नंबर देतो म्हणाले. हेल्मेट निळंच हवंय म्हणे, शोधतोय. शाळेच्या पानाचा मसुदा झाला की इथे टाकते, मिस, जरा बघून द्याल?

केजी_वाली_मिस

टाका. पण एकच पान हं, मागची बाजू धरायची नाही.